रामनाथी ते कोटागिरी — आणि पुढे?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी मुक्रर केले, त्याचा निम्मा काळ सरला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी, बिघडलेल्या भूमीपैकी व जलक्षेत्रापैकी निदान ३० टक्के क्षेत्र २०३० पर्यंत पुन्हा सावरण्याच्या वाटेवर आणण्याचा संकल्प केला, आणि त्या संकल्पावर भारताचीही मोहोर आहे. साहजिकच निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचा विचार करणारी संमेलने आता देशात वारंवार भरू लागली आहेत. दिल्ली, बंगळूर, पुणे अशा शहरांतील सभागृहांत वनाधिकारी, शास्त्रज्ञ, देणगीदार कंपन्यांचे प्रतिनिधी आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले संरक्षण संस्थांचे कार्यकर्ते दोन-तीन दिवस एकत्र बसतात, निबंध वाचतात, ठराव करतात आणि आपापल्या गावी परततात. या शेवटच्या वर्गाविषयी, म्हणजे संस्थेच्या खर्चाने रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून संमेलनाला जाणाऱ्या कार्यकर्त्याविषयी, आम्ही आज चार शब्द लिहू इच्छितो. जाताना तो काय घेऊन जातो आणि येताना काय घेऊन येतो, या प्रश्नाच्या उत्तरावर आमच्या डोंगरांचे आणि खाजनांचे बरेचसे भवितव्य अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

संमेलन म्हटले की कुचेष्टा करणारे पुष्कळ भेटतात. चहा-फराळ, भाषणे आणि छायाचित्रे याखेरीज तेथे काय घडते, असा त्यांचा सवाल असतो. आम्ही या थट्टेत सामील होऊ इच्छित नाही. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या आडगावात एकट्याने काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारा एकटेपणा ज्याने पाहिला आहे, तो संमेलनाला हसणार नाही. गावात त्याला विकासविरोधक म्हणतात, तालुक्याच्या कचेरीत उपद्रवी म्हणतात आणि घरची माणसे त्याला अव्यवहारी म्हणतात. आपल्यासारखेच काम कोणी निलगिरीत करतो, कोणी मेळघाटात करतो, आणि आपल्याला पडलेले कोडे दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी सोडविले आहे, हे कळणे ही त्या माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. चळवळी माणसांच्या भेटीगाठींतून उभ्या राहतात, हे गोव्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

शिवाय याबाबतीत गोव्याला स्वतःची आठवण आहे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी पश्चिम घाट वाचविण्यासाठी दोन पदयात्रा निघाल्या. एक दक्षिणेला कन्याकुमारीहून निघाली, दुसरी उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरील नवापूरहून. सुमारे १,६०० किलोमीटर लांबीची ही पर्वतराजी पायांखाली घालीत, वाटेतील गावांत मुक्काम करीत आणि माणसांशी बोलत हे यात्रेकरू तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९८८ च्या आरंभी, फोंडा तालुक्यातील रामनाथी येथे एकमेकांना भेटले. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. देशातील अनेक संस्थांचे कार्यकर्ते त्या समारोपाला आले होते. त्या संमेलनाला एक गोष्ट लाभली होती, जी नंतरच्या फार थोड्या संमेलनांना लाभली: तेथे बोलणाऱ्यांपैकी अनेकांच्या पायांना ज्या डोंगरांविषयी ते बोलत होते त्या डोंगरांची धूळ लागलेली होती. त्यांनी गावाचे ऐकले होते, मग सभेत तोंड उघडले होते.

दुसरे स्मरणीय संमेलन भरले ते तामिळनाडूतील निलगिरी डोंगरावर, कोटागिरी येथे, फेब्रुवारी २०१० मध्ये. रामनाथीचा वारसा सांगणारे कार्यकर्ते तेथे पुन्हा जमले. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः उपस्थित राहिले, आणि महिन्याच्या आत, ४ मार्च २०१० रोजी, डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली गेली. संमेलनातून काही निष्पन्न होत नाही म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते द्यावे? काही थोड्या संस्थांच्या माणसांनी डोंगरमाथ्यावर बसून मांडलेले गाऱ्हाणे केंद्र सरकारच्या दप्तरी दाखल झाले, आणि सहा राज्यांतून जाणाऱ्या पर्वतराजीचा एकत्रित विचार प्रथमच सरकारी पातळीवर झाला.

तथापि यशाच्या या कथेचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे, आणि तो कडू आहे. गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ अखेर अहवाल सादर केला. संवेदनशील क्षेत्राची आखणी कोणावर लादू नये, ती ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावी, असे त्या अहवालाचे सांगणे होते. गोव्याच्या संदर्भात, सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यातील खाणकाम २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवावे, अशी शिफारस होती. परंतु ज्या ग्रामसभांनी विचार करावयाचा, त्यांना हा अहवाल पाहावयासच मिळाला नाही. तो मे २०१२ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. माहितीच्या अधिकाराखाली झगडा करावा लागला तेव्हा कोठे तो बाहेर आला. आला तोही शेकडो पानांच्या इंग्रजीत. मराठी, कोंकणी, कन्नड वा मल्याळम वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती तो वेळेवर पडला नाही. त्याच्या हाती पडल्या त्या अफवा. तुझे घर दुरुस्त करता येणार नाही, तुझ्या बागायतीत फावडे मारता येणार नाही, तुला जमीन विकता येणार नाही, असे कोणी तरी सांगितले आणि त्याने ते खरे मानले. जे हितसंबंध या अहवालाने खरोखर दुखावले जाणार होते, त्यांना स्वतः रस्त्यावर उतरण्याची गरजच पडली नाही. त्यांच्या वतीने गरीब शेतकरी उतरला.

पुढचा इतिहास वाचकांना परिचित आहे. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने एप्रिल २०१३ मध्ये क्षेत्र घटवून सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे निघाले. सहाव्या मसुद्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र दाखविले होते. त्या मसुद्यावरील तारीख आहे ३१ जुलै २०२४. आणि आदल्याच दिवशी पहाटे केरळातील वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली होती. आमच्या शेजारी महाराष्ट्रात माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी यांची नावे २०१४, २०२१ आणि २०२३ च्या पावसाळ्यांनी अशीच कोरून ठेवली आहेत. प्रत्येक दरडीचे कारण एकच असते असे आम्ही म्हणणार नाही. अतिवृष्टी, उतार, माती आणि मानवी हस्तक्षेप यांचे प्रमाण ठिकठिकाणी वेगळे असते. पण डोंगर सावरण्याचा प्रश्न केवळ फुलापाखरांच्या हौशीचा नसून माणसांच्या जीविताचा आहे, एवढे सिद्ध होण्यास हे पुरेसे आहे.

कोटागिरीचे संमेलन दिल्लीपर्यंत पोचले. ते केरी, नेत्रावळी, खोतीगाव येथवर पोचले नाही. सभागृहातून सरकारकडे जाणारी वाट कार्यकर्त्यांनी शोधली, सभागृहातून गावाकडे येणारी वाट मात्र अर्धवट राहिली. हा दोष केवळ सरकारचा आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आम्हां वृत्तपत्रांचाही त्यात वाटा आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. अहवालावरील प्रतिक्रिया आम्ही भरभरून छापल्या. अहवाल सोप्या मराठीत समजावून सांगण्यास त्या मानाने फार थोडी जागा दिली.

आता पुनरुज्जीवन या शब्दाकडेच वळू. सभागृहातील भाषेत त्याचा अर्थ बहुधा हेक्टरमध्ये सांगितला जातो. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर नापीक झालेली जमीन सुधारण्याचे वचन भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये दिले. वचन चांगले आहे. पण हेक्टर मोजणाऱ्याला झाडे लावणे सर्वांत सोपे वाटते, आणि तेथेच गफलत होते. आमच्या सड्यांचेच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात करपलेला जांभा दगड पाहून परका माणूस म्हणतो, ही पडीक जमीन आहे, येथे झाडे लावा. पहिला पाऊस पडला की त्याच सड्यावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे गालिचे उलगडतात, डबक्यांतून बेडूक ओरडू लागतात, गावची गुरे चरायला जातात आणि मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना वर्षभर पुरते. अशा सड्यांवर मागील पिढीत ऑस्ट्रेलियातील अकेशियाची लागवड झाली. कागदावर हिरवे क्षेत्र वाढले. प्रत्यक्षात तेथील गवत, फुले आणि चराई हरपली. हे पुनरुज्जीवन नव्हे, हे एका निसर्गाच्या जागी दुसरेच काही तरी आणून उभे करणे होय. सडा पडीक आहे की जिवंत, हे उपग्रहाच्या चित्रावरून कळत नाही. ते तेथे गुरे राखणाऱ्याला विचारावे लागते.

खाजनांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सुमारे १८ हजार हेक्टरांची ही जमीन आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांच्या श्रमाने खाडीकडून मिळविली. मातीचे बांध, भरती-ओहोटी राखणारी मानशीची लाकडी दारे, आतील पोंय, खारे पाणी सोसणारा कोरगुट भात आणि पाण्याबरोबर येणारी मासळी, अशी ती एक संपूर्ण व्यवस्था होती, आणि गांवकारी तिची विश्वस्त होती. १९६४ च्या कूळ कायद्याने व १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला त्याचा हक्क मिळाला. तो न्याय उशिरा का होईना मिळाला, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण हक्क देताना बांध कोणी राखावा याची घडी नीट बसली नाही. गांवकारी दूर झाली, कुळांचे संघ बहुतेक ठिकाणी दुबळे राहिले, मासळीसाठी मानशीचे लिलाव होऊ लागले आणि लिलाव घेणाऱ्याला भाताची फिकीर नसल्याने खारे पाणी हवे तसे आत घेतले जाऊ लागले. बांध फुटले, शेते बुडाली, आणि बुडालेल्या शेतांत खारफुटी उगवली.

आता प्रश्न असा की, येथे पुनरुज्जीवन म्हणजे काय? खारफुटी उगवली हा निसर्गाचा विजय समजावा, की बांध दुरुस्त करून भात पिकविणे हा? खारफुटीला किनारी नियमांचे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. वादळवाऱ्यात किनारा राखणारी आणि मासळीची पिल्ले वाढविणारी ती वनस्पती आहे. त्याच किनारी नियमांनी २०११ साली गोव्यातील खाजने जतन करण्याचेही बजावले आहे. या दोन कर्तव्यांत मेळ कसा घालावा, कोणत्या शेतात बांध घालावा आणि कोणते आता खाडीला सोडून द्यावे, याचे उत्तर एकाच सूत्रात बसणार नाही. ते गावागणिक, किंबहुना बांधागणिक वेगळे असेल. म्हणूनच राष्ट्रीय संमेलनात जाणाऱ्या गोमंतकीय कार्यकर्त्याने तेथे हा प्रश्न मांडला पाहिजे, आणि मांडताना कुळाला, मासे पकडणाऱ्याला व गांवकाराला आधी विचारलेले असले पाहिजे.

विचारले नाही तर काय होते, याची एक दुःखद आठवण सत्तरीत ताजी आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावली येथे, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, चार वाघ मृतावस्थेत सापडले. त्यांना विष देण्यात आले होते, आणि त्या प्रकरणी अटक झाली ती पशुपालक घरातील माणसांना, ज्यांचे जनावर वाघाने मारले होते. त्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. आम्हीही करीत नाही. पण अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले, आणि दोन दशके उलटून गेल्यावरही आत राहणाऱ्यांचे हक्क निश्चित करण्याचे काम रेंगाळलेले होते, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे फायलींत पडून होते, ही वस्तुस्थितीही लपविता येणार नाही. ज्याचे छप्पर, गोठा आणि कुळागर कायदेशीर आहे की नाही हे कोणीच सांगत नाही, त्याला वाघ हा राष्ट्राचा ठेवा वाटावा, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. ती पुरी होणे कठीण आहे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसरात व्याघ्रप्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा सत्तरीत जी भीती पसरली ती या अनिश्चिततेच्या पोटी जन्मलेली होती. वाघाला आमचा पाठिंबा आहे. म्हादईच्या पाण्यावर ज्यांचे जीवन आहे त्या प्रत्येक गोमंतकीयाने तो दिला पाहिजे. पण वाघाचे रान आणि धनगराचा गोठा यांचा हिशेब एकाच बैठकीत, एकाच वहीत मांडला पाहिजे.

कार्यकर्त्याला इतके उपदेश करताना त्याची स्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी या क्षेत्रात बहुतेक शिक्षक, वकील, विद्यार्थी असत. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ते हे काम करीत. आज अनेक तरुण या संस्थांतून वेतनावर काम करतात. यात काही गैर नाही. जंगलाची पाहणी, नोंदी, न्यायालयीन कागदपत्रे ही रविवारच्या सुटीत होणारी कामे नव्हेत. पण त्यांचे वेतन दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर असते, आणि फुटलेला बांध व उजाड झालेला डोंगर सावरण्यास एक पिढी लागते. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तिने एका संस्थेने दुसऱ्या लहान संस्थेस तो पैसा देणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कंपन्यांकडून येणारा पैसा बहुधा मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी येतो: इतकी रोपे, इतके फलक, इतकी शिबिरे. परिणामी कार्यकर्त्याचा निम्मा वेळ देणगीदाराला अहवाल लिहिण्यात जातो, आणि गावात ओसरीवर बसून ऐकण्याचा वेळ कोणत्याच रकान्यात बसत नाही. संमेलने भरविणाऱ्यांनी प्रथम ठराव करावयाचा तर तो याविषयी करावा: निदान दहा वर्षांच्या कामाला पैसा द्या, आणि ऐकण्याच्या कामालाही काम म्हणा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. तेव्हा ही अंडी चोरीस जात. संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले, त्यांच्यातूनच रक्षक निवडले, आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावच्या घरांतून होऊ लागली. कासव वाचले आणि घराला चार पैसे मिळाले. आमच्याकडे पेडणे तालुक्यात मोरजीच्या तेंबवाडा किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कासवांच्या राखणीला आरंभ झाला, तोही गावच्या माणसांच्या जोरावर. पुढे त्या किनाऱ्यावर दिवे, बाकडी आणि गोंगाट यांचे आक्रमण झाले, ती गोष्ट वेगळी. पण राखण मात्र टिकली. दोन्ही ठिकाणी संस्थेचा माणूस व गावचा माणूस एकाच वाळूत रात्री जागले, हे त्यामागचे कारण आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. संमेलनाला जाताना प्रत्येक संस्थेने आपल्या एका कर्मचाऱ्याबरोबर गावचा एक माणूस न्यावा, मग तो कूळ असो, धनगर असो वा मच्छीमार बाई असो. आणि भरविणाऱ्यांनी त्यांच्या भाषेत बोलण्याची व ऐकण्याची सोय करावी. दुसरे, तेथून परतल्यावर महिन्याच्या आत पंचायतीच्या ग्रामसभेत तोंडी वृत्तांत द्यावा. देणगीदाराला दिलेला अहवाल जितका बंधनकारक, तितकाच हा वृत्तांत मानावा. तिसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक पंचायतीत समिती असावयाची आहे आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घालून दंडाचा बडगा उगारल्यावर देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. गोव्याच्या १९१ पंचायतींतील या वह्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांसमवेत पुन्हा उघडाव्यात, त्यांतील चुका दुरुस्त कराव्यात आणि त्यांत सडा, झरा, पोंय, देवराई यांची खरी नोंद करावी. उद्या एखाद्या सड्याला कोणी पडीक म्हणेल, तेव्हा ही वही गावाचा साक्षीदार ठरेल. चौथी सूचना आमच्यासाठीच आहे: पुढचा अहवाल येईल तेव्हा त्याचा सोपा मराठी सारांश वाचकांपर्यंत पोचविणे हे आमचे काम आहे, आणि त्यात कसूर झाल्यास वाचकांनी आम्हांस जाब विचारावा.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला; त्यांत गोव्यातील एकही नाही. अनेकांना त्याची खंत वाटते, आम्हांलाही वाटते. पण जगाने दिलेल्या शिक्क्याअभावी आमचे डोंगर उघडे पडलेले नाहीत. ते उघडे पडले आहेत ते डोंगराविषयी बोलणारे आणि डोंगरात राहणारे यांची वर्षानुवर्षे गाठ पडली नाही म्हणून. रामनाथीला १९८८ साली जमलेले लोक तीन महिने चालून आले होते. आज कोणी तितके चालावे असा आग्रह नाही. पण संमेलनाहून परतलेल्या कार्यकर्त्याने बसथांब्यावर उतरल्यावर घरी जाण्यापूर्वी गावच्या मांडावर थोडे थांबावे, एवढे मागणे अवास्तव नाही. तेथे कोणी तरी त्याला विचारीलच, तिकडे काय ठरले? त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी असले आणि ते त्या माणसाला समजेल अशा भाषेत असले, तरच ते संमेलन यशस्वी झाले असे आम्ही समजू.